पोस्टकार्डावर मावेल तेवढा निर्णय

राऊत सरांसमोर 'नाइलाज' हा शब्द काढायची सोय नव्हती. मी काढला. तोही पहिल्याच शनिवारी, नीट ओळखसुद्धा झालेली नसताना. आमच्या शाळेतल्या एका मुलीला गणवेश नव्हता म्हणून मी तिला दारातूनच घरी पाठवलं होतं, त्याबद्दल सांगत होते. "काय करणार सर, नाइलाज होता," असं सवयीनं तोंडातून निघून गेलं. सरांनी चष्मा काढला, बुशशर्टच्या टोकानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "घरी पाठवायच्या आधी काय काय करून पाहिलंत? सांगा, मी लिहून घेतो." खरोखरच पेन उघडून बसले.

"काहीच नाही ना? मग घाई होती म्हणा. घाई होती, राग आला होता, कंटाळा आला होता, यातलं काहीही चालेल. ते माणसाचं असतं. नाइलाज म्हटलं की दोष भलत्याच कोणावर तरी जातो."

मला असा संताप आला म्हणता! वीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी, भल्याभल्या वांड पोरांना सरळ केलेलं, आणि हा पंचा-टॉवेल विकणाऱ्यासारखा दिसणारा म्हातारा मला पहिलीच्या बाकावर बसवून उलटतपासणी घेतोय! परत इथे पाऊल टाकायचं नाही असं ठरवूनच मी त्या दिवशी निर्मळ गावाहून निघाले. पुढच्या शनिवारी तीनच्या ठोक्याला पुन्हा हजर होते. का गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. बहुतेक भांडायला गेले असेन.

मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन वसईत आले. नवरा मुंबईला नोकरीला आणि मी किल्ल्याच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका. आमच्या शाळेत पाचूबंदरची कोळ्यांची मुलं होती, वाडीवाल्यांची होती, नव्यानं उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांमधली होती. नव्वदच्या दशकात आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि संस्थेनं मला 'प्रभारी' केलं. प्रभारी म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. काम सगळं करायचं, शिव्या सगळ्या खायच्या आणि खुर्ची मात्र आपली नाही. संस्थेच्या मनात येईल तेव्हा उठवतील. कायम व्हायचं तर अध्यक्षांची मर्जी हवी.

त्याच सुमाराला मला एक पोस्टकार्ड आलं. बारीक, सुवाच्य अक्षर. "आपण रोज मुलांविषयी निर्णय घेता. ते कसे घ्यावेत हे आपल्याला कोणी शिकवलं? मलाही कोणी शिकवलं नव्हतं. शनिवारी दुपारी तीन वाजता निर्मळला या. आपण शिकू." खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त मुख्याध्यापक'. तालुक्यातल्या झाडून सगळ्या मुख्याध्यापकांना त्यांनी असं कार्ड टाकलं होतं. पहिल्यांदा पंधराएक जण आले. चहा नाही, व्याख्यान नाही, प्रमाणपत्र तर नाहीच म्हटल्यावर गळत गळत सहा-सात उरले. त्यातली एक मी.

वर्ग भरायचा तो गावातल्या प्राथमिक शाळेत, तोही पहिलीच्या खोलीत. बाकं इवलीशी. आमच्यातले परेरा सर म्हणजे उंच, धिप्पाड माणूस. नायगावकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. ते त्या बाकावर बसले की गुडघे हनुवटीला टेकायचे. एकदा ते म्हणाले, "सर, वरच्या मजल्यावर सातवीची बाकं आहेत, तिकडे बसू या ना." सर म्हणाले, "नको. इथून फळा केवढा उंच दिसतो बघा. तुम्ही विसरला होतात." झालं. पुढे वर्ग चालला तोवर परेरा सर तसेच बसले.

राऊत सर दिसायला अगदी साधे. उंची बेताची, अंगावर पांढरा बुशशर्ट आणि त्या प्रत्येक बुशशर्टवर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. वाडी स्वतः बघायचे. चिकाचा डाग काही केल्या जात नाही, पण सरांना त्याची फिकीर नव्हती. एकदा कुठल्याशा समारंभाला तसाच डागाळलेला शर्ट घालून आले, तेव्हा मी न राहवून बोलले. तर म्हणाले, "डाग आहे तो. चोरून थोडाच आणलाय?" सायकल जुनी, कॅरियरला कायम काहीतरी बांधलेलं. कधी केळफूल, कधी अळूची पानं, कधी चाफ्याची फुलं. हंगामात सुकेळी आणायचे, राजेळी केळी वाळवून केलेली, पानात गुंडाळलेली. पण ती सगळ्यांना मिळायची नाहीत हं! ज्यानं त्या महिन्यात स्वतःचा एखादा निर्णय फिरवला असेल त्यालाच सुकेळं. "बरोबर निर्णय घेतला म्हणून बक्षीस कशाला? तो तर पगारातच येतो," असं त्यांचं म्हणणं. मी दीड वर्षात एकही सुकेळं मिळवलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता, इतकी मी मूर्ख होते.

त्यांची शिकवायची रीत सांगते. प्रत्येकानं त्या आठवड्यातला एक निर्णय आणायचा. खराखुरा, पुस्तकातला नाही. नियमाचा नंबर सांगितलेला चालायचा नाही. "नियम नको, नाव सांगा. कोणावर पडला हा निर्णय?" नाव सांगितलं की सर खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढून समोर ठेवायचे. त्या मुलाच्या घरी तो निर्णय कळवायचा. घरच्यांना समजेल अशा भाषेत, कारणासकट. मग उभं राहून सगळ्यांसमोर वाचायचं. वाचून झालं की सर विचारायचे, "टाकू पोस्टात?"

पोस्टकार्डच का, असं मी विचारलं होतं. "कारण ते उघडं असतं," सर म्हणाले. "पोस्टमन वाचणार, शेजारीण वाचणार, वाण्याकडे ठेवलं तर वाणी वाचणार. आणि जागा थोडी. त्यात 'शाळेच्या व्यापक हिताच्या दृष्टीने' मावत नाही. मुलाला काय केलं आणि का केलं, एवढंच मावतं."

ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसा म्हणजे कळेल. भलेभले मुख्याध्यापक घामाघूम झालेले मी तिथे पाहिले आहेत.

परेरा सरांचंच बघा. त्यांनी शाळेचं फाटक सात-दहाला बंद करायचा हुकूम काढला होता. उशिरा आलेली मुलं बाहेर. शिस्तीला परेरा सर फार कडक, आणि निर्णयावर भलतेच खूश. सरांनी नाव विचारलं. परेरा सरांनी एका मुलाचं सांगितलं, खाडीपलीकडून होडीनं येणारा, महिन्यात नऊ वेळा बाहेर राहिलेला. कार्ड लिहिलं, उभे राहिले, खणखणीत आवाजात वाचलं: "आपला मुलगा वारंवार उशिरा येतो, त्यास शिस्त नाही." सर शांतपणे म्हणाले, "होडी कधी सुटते?" परेरा सर म्हणाले, "पाणी असेल तेव्हा. ओहोटीला चिखलात रुतते ना, मग भरतीची वाट बघावी लागते." आणि वाक्य संपता संपता त्यांचंच तोंड उतरलं. सर म्हणाले, "मग हे कार्ड समुद्राला टाकायला हवं. पत्ता काय घालू या?" आम्ही सगळे हसलो. परेरा सर नाही हसले. सोमवारी त्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणून फाटकाशेजारी लावलं आणि होडीच्या मुलांसाठी फाटक उघडं ठेवलं. त्या शनिवारी त्यांना सुकेळं मिळालं. खाल्लं नाही त्यांनी, रुमालात बांधून बायकोला दाखवायला घरी नेलं.

सर गोड होते असं समजू नका. हेकट माणूस. स्वतः कधी म्हणून सांगायचे नाहीत की हे बरोबर आणि हे चूक. मी कित्येकदा चिडून विचारलं, "सर, एकदा सरळ सांगा ना, काय करू?" तर म्हणायचे, "मी सांगितलं की तो माझा निर्णय झाला. निस्तरायला तुम्ही आणि घ्यायला मी? असली चैन मला नको." आणि फटकळ किती! एकदा शिक्षण खात्याच्या शिबिरात त्यांना 'मूल्यशिक्षण' या विषयावर भाषणाला बोलावलं होतं. हार घातला, नारळ दिला. सर उभे राहिले, पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला आणि मंचावरच्या साहेबांच्या हातात दिला. "सगळे मिळून एकेक लिहू या. साहेबांपासून सुरुवात करू. गेल्या महिन्यात कोणाची बदली केलीत, त्याच्या बायकोला लिहा." साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. पुन्हा सरांना कोणी बोलावलं नाही. नारळ मात्र त्यांनी आठवणीनं घरी आणला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्या शाळेचं रौप्यमहोत्सवी वर्ष तोंडावर आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणायचे, त्यांच्या मनात एकच होतं: त्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. स्टेशनबाहेर मोठा बोर्ड लावायचा होता. मला म्हणाले, "बाई, शंभर टक्के आणा आणि कायमची ऑर्डर घेऊन जा." आता शंभर टक्के आणायचा एक राजमार्ग त्या काळी सगळ्या शाळांना ठाऊक होता. नववीतली कच्ची मुलं हेरायची, आईबापांना बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे बाहेरून दहावीला बसा. पास झालात तर तुमचं नशीब, नापास झालात तर आमच्या निकालात येत नाही. कागदोपत्री सगळं ठीक. कोणी कोणाला काढलेलं नाही, पालकांनी 'स्वेच्छेने' दाखला नेलेला.

खरं सांगायचं तर नानांनी मला यादी करायला सांगितलंच नव्हतं. मीच केली. नववीचा निकाल लागायच्या आधीच, एप्रिलच्या दुपारी, पंख्याखाली बसून, लाल पेनानं. अकरा नावं. नानांना नेऊन दिली तेव्हा ते खूश झाले. "तुम्हाला सांगावं लागत नाही बाई," म्हणाले. मलाही बरं वाटलं. हो, वाटलं! खोटं कशाला बोलू?

शनिवारी त्या यादीची माझ्याकडची नक्कल मी वर्गात काढली. वाटलं होतं, इतक्या सगळ्या शाळा करतात, परेरा सरही करतात, त्यात काय एवढं. सर म्हणाले, "नावं वाचा." मी वाचायला लागले. पाचवं नाव पाचूबंदरच्या दर्शनाचं होतं, नववं एका बिल्डिंगमधल्या मुलाचं, आणि शेवटचं स्वप्नाली पाटील.

सर उठले. पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

"ही स्वप्नाली माझी नात आहे. मुलीची मुलगी," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नसणार, मी कधी बोललो नाही. आता मी इथे बसणं बरं नाही. परेरा, उरलेला वर्ग तुम्ही घ्या."

आणि सरळ बाहेर गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! आडनाव वेगळं, मला कुठून कळणार? मी हाका मारल्या, "सर, थांबा, तिचं नाव मी..." त्यांनी मागे न बघता हात हलवला. खिडकीतून दिसत होते. आवारातल्या चिंचेखाली सायकलीजवळ, आमच्याकडे पाठ करून उभे.

परेरा सर त्यांच्या जागी जाऊन उभे राहिले. बिचारे गोंधळले होते, पण रीत मोडली नाही. माझ्यापुढे कोरं पोस्टकार्ड ठेवलं. म्हणाले, "स्वप्नालीचं नको. सरांच्या नातीचा विचार करून तुम्ही ठरवणार, मग ते काही खरं नाही. दुसरं कोणतंही घ्या."

मी दर्शनाचं घेतलं. तिची हजेरी सगळ्यात वाईट होती, म्हणून तिचं सोपं जाईल असं वाटलं. लिहिलं: "हिराबाईंस नमस्कार. दर्शना अभ्यासात कच्ची आहे. तिच्यामुळे शाळेचा निकाल कमी लागेल, म्हणून तिला शाळेतून काढत आहोत." खूप खोडाखोड करून इतकंच उरलं. उभी राहिले, वाचलं. मनात म्हटलं, वाचून तर झालं!

परेरा सरांनी नाक खाजवलं. ते काही फार हुशार बोलणारे नव्हते. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, हिराबाईंना वाचता येतं का?"

"नाही. मासळी विकतात त्या. अंगठा आहे."

"मग हे त्यांना वाचून कोण दाखवणार?"

घरात शिकलेलं एकच माणूस होतं. मी त्या बाकावर मटकन बसले. ती पोर शाळेतून घरी येणार, आई कार्ड पुढे करून म्हणणार, वाच गं, तुझ्या बाईंचं पत्र आलंय. आणि ती मोठ्यानं वाचणार. तिला वाचायला आम्हीच शिकवलेलं. मला रडू फुटलं. वर्गात, सगळ्या मुख्याध्यापकांसमोर, ढसाढसा रडले मी. कोणी समजूत घातली नाही. तिथे तशी पद्धत नव्हती.

बाहेर आले तर सर सायकलीचं कुलूप काढत होते. मी काय ठरवलं ते त्यांनी विचारलं नाही. "संध्याकाळी केळीला पाणी द्यायचंय," एवढं बोलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच मी पाचूबंदरला गेले. बोटी लागलेल्या, मासळीचा लिलाव चाललेला, नुसता कल्ला. हिराबाई टोपली डोक्यावर चढवत होत्या. मला बघून टोपली खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसत पुढे आल्या. "बाय, माज्या पोरीचा काय चुकला काय?" डोळ्यांत भीती. शाळेची बाई दारात आली म्हणजे वाईटच बातमी, हे त्यांना पाठ होतं.

"तिचं नाही चुकलं. माझं चुकत होतं," मी म्हटलं. "ती शाळेत का येत नाही, ते विचारायला आलेय."

"बोटी आल्या का मला मानूस पायजे. बोंबील कोन निवडनार? कोन वालत घालनार? दुपारपातूर ती माज्यासंगती. मंग शालेन जायाला तिलाच लाज वाटते, अर्ध्या दिवसान कशी जाईल." मग हळूच म्हणाल्या, "पोर शिकाया पायजे, बाय. मी आनी किती दिस टोपली उचलनार?"

"पहाटे पाठवाल? साडेसहाला? बोटी यायच्या आत मी सोडते."

त्यांनी विचारलं, "रोज?"

"रोज."

सोमवारी मी नानांकडे गेले आणि यादी परत मागितली. नानांनी आधी समजूत घातली, मग आवाज चढवला. "बाई, रौप्यमहोत्सव आहे. बोर्डावर काय लिहू मी?"

"जो निकाल लागेल तो लिहा."

"तुम्ही प्रभारी आहात, विसरू नका."

"विसरले असते तर बरं झालं असतं नाना, यादीच केली नसती," मी म्हणाले. यादी त्यांच्यासमोरच फाडली.

जूनपासून सकाळी साडेसहाचा वर्ग सुरू केला. अकराही मुलं. गणित माझं. मराठी आणि इतिहासाला कोणी मिळेना. मी निर्मळला सरांकडे गेले आणि म्हटलं, "तुम्ही या." सर म्हणाले, "जमणार नाही. त्यात स्वप्नाली आहे. लोक म्हणतील, नातीसाठी म्हाताऱ्यानं हे सगळं घडवून आणलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्याच खिशातून मी पोस्टकार्ड उपसलं आणि त्यांच्यापुढे आपटलं. "लिहा. हिराबाईंना लिहा, की मी तुमच्या मुलीला शिकवणार नाही, कारण लोक मला नावं ठेवतील. आणि वाचा उभं राहून!"

सरांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग उठले. मला वाटलं, आता हाकलतात. आत गेले, बाहेर आले आणि माझ्या हातावर एक सुकेळं ठेवलं. "हे माझं आहे. मी निर्णय फिरवला," म्हणाले. "पण मला गोड खायला डॉक्टरांची बंदी आहे. तुम्ही खा."

वर्षभर तो माणूस सत्तरीच्या घरात असताना रोज निर्मळहून सायकल मारत साडेसहाला यायचा. एक दिवस चुकला नाही. स्वप्नालीला त्यांनी वर्गात कधी नावानं हाक मारली नाही, कधी जास्त समजावलं नाही. उलट तिची वही सगळ्यात शेवटी तपासायचे. मला ते जाचक वाटायचं. एकदा बोललेही, "अहो, नात आहे ती तुमची, थोडं प्रेमानं बोला." तर म्हणाले, "घरी बोलतो ना." दर्शना मात्र त्यांच्याशी खूप बोलायची. समुद्राबद्दल, वाऱ्याबद्दल, बोटींबद्दल. सर तिच्याकडून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हेच लिही निबंधात. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं."

पुढच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. अकरापैकी नऊ मुलं सुटली. दर्शना सुटली, काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. हिराबाई शाळेत आल्या त्या टोपलीभर सुके बोंबील घेऊनच. ऑफिसभर वास. दोघं राहिली, एक तो बिल्डिंगमधला मुलगा आणि दुसरी स्वप्नाली, गणितात. माझ्या विषयात! शंभर टक्क्यांचा बोर्ड लागला नाही. पंधरा दिवसांत नानांनी दुसऱ्या शाळेतून एका गृहस्थांना आणून मुख्याध्यापक केलं. मी पुन्हा शिक्षक-खोलीत, खिडकीजवळच्या जुन्या खुर्चीवर. सहकारी येता-जाता सहानुभूती दाखवायचे. मला तिचा जास्त त्रास व्हायचा.

आणि मी शनिवारी निर्मळला जायचं बंद केलं. आता मी मुख्याध्यापक कुठे होते? कुठल्या तोंडानं जाऊ, असं वाटायचं. आणि सरांवर थोडा रागही होता, लपवत नाही. माझी खुर्ची गेली होती आणि त्यांच्या नातीला मी पास करू शकले नव्हते. श्रावणात कधीतरी परेरा सरांनी निरोप आणला की राऊत सर गेले. वाडीत केळीचे लोंगर उतरवताना बसले ते उठलेच नाहीत. पुढे ऑक्टोबरात, आजोबांच्या मागे, स्वप्नाली परीक्षेला बसली आणि सुटली. तिला गणित मीच शिकवत होते. तो निकाल बघायला सर नव्हते, याचं दुःख मला अजून आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते श्रावणाच्या आधी, ऑक्टोबरच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते तेव्हा. शाळेच्या ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लागली होती. तास संपवून मी जिन्यावरून उतरत होते, तर रांगेत सर. बाजूला स्वप्नाली, मान खाली घालून. पुढे दोन-तीन जण असतील. क्लार्कनं त्यांना पाहिलं आणि आतून ओरडला, "सर, तुम्ही कशाला उभे? आत या ना, खुर्चीवर बसा, मी भरून घेतो." सर म्हणाले, "आज मी पालक आहे." आणि जागचे हलले नाहीत. पुढे त्या बिल्डिंगमधल्या मुलाची आई होती, ती संकोचून बाजूला व्हायला लागली. सरांनी तिलाही होऊ दिलं नाही.

मी जवळ गेले. "माझ्याच विषयात राहिली," एवढंच म्हणाले.

"एकट्या तुमच्या नव्हे. घरी मीही घेत होतो गणित," सर म्हणाले. "बरं, वर्गाला का येत नाही?"

"मी आता मुख्याध्यापक नाही, सर."

"मग निर्णय घ्यायचं थांबलंय का?"

रांग एक पाऊल सरकली, तसे तेही सरकले. मला एक गोष्ट वर्षभर विचारायची होती, ती मी तेव्हा विचारली. स्वप्नाली थोडी पुढे गेली होती, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "सर, त्या दिवशी तुम्ही वर्गातून उठून गेलात. बाहेर चिंचेखाली उभे होता. मनात काय होतं तुमच्या?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू? मनात एकच होतं," ते म्हणाले. "बाईंनी हिचं तेवढं नाव खोडावं. बाकीची दहा गेली तरी चालतील."

मी पुढे उभ्या असलेल्या स्वप्नालीकडे पाहिलं.

"अहो, आत बसलो असतो तर बोललोच असतो ते," सर म्हणाले. "गोड शब्दांत, कारणं देऊन. आणि तुम्ही ऐकलं असतंत."

आतून क्लार्कनं विचारलं, "पुढचे कोण?" सरांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला, खिडकीशी गेले आणि तिचा फॉर्म आत सरकवला.